बारा इंची फिगरची नऊवारी: घरच्या प्रिंटरवर कापड कसं छापायचं

बाजारातलं सगळ्यात बारीक चौकडीचं कापड आणा आणि बारा इंची फिगरच्या, म्हणजे हातपाय हलणाऱ्या खेळण्यातल्या बाहुलीच्या, अंगावर धरून बघा. चौकडी सतरंजीसारखी दिसते. खऱ्या साडीचा काठ कापून लावला तर तो बाईच्या गुडघ्यापर्यंत येतो. लहान फिगरचे कपडे शिवताना खरी अडचण शिवणाची नसते, नक्षीच्या मापाची असते. ते माप दुकानात मिळत नाही. घरातला साधा इंकजेट प्रिंटर मात्र ते काढून देतो.

मी हे सगळं चुकत चुकत शिकलो. पहिल्या तीन प्रयत्नांत एकदा कापड प्रिंटरच्या पोटात गुंडाळलं गेलं, एकदा रंग पसरून मोराचा कावळा झाला, आणि एकदा कपडा सुरेख झाला पण फिगरच्या मांड्या जांभळ्या पडल्या. तुमचे ते तीन प्रयत्न वाचावेत म्हणून हा लेख. उदाहरण म्हणून पैठणी काठाची नऊवारी घेतली आहे, कारण कापड छापण्यातल्या बहुतेक अडचणी तिच्यात एकदम भेटतात. मावळ्याचा अंगरखा, सैनिकाचा छलावरणी गणवेश किंवा फुलाफुलांचा शर्ट करायचा असेल तरी पायऱ्या याच.

काय काय लागेल

- इंकजेट प्रिंटर, शक्यतो मागून कागद घेणारा
- पांढरी सुती मलमल किंवा केंब्रिक, अर्धा मीटर
- ए-४ आकाराचे अखंड स्टिकर पेपर, म्हणजे मध्ये काप नसलेले
- वाफ बंद करता येणारी इस्त्री
- स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म, मास्किंग टेप, मार्कर
- धारदार कात्री, बारीक सुया, टाचण्या, लहान टिचबटणं
- पांढरा फेव्हिकॉल आणि जुना रंगाचा ब्रश
- संगणकावर नक्षी काढायला इंकस्केप किंवा गिम्प. दोन्ही फुकट आहेत

लेझर प्रिंटर या यादीत नाही आणि नकोच. त्यात कागद तापलेल्या रुळातून जातो. स्टिकरचा गोंद किंवा प्लॅस्टिकचा थर तिथे वितळून चिकटला की प्रिंटर दुरुस्तीला गेलाच.

१. आधी फिगरचं प्रमाण ठरवा

बारा इंची फिगर म्हणजे एकास सहा प्रमाण. सहा फुटी माणूस सहाने भागला की बारा इंच, साधारण साडेतीस सेंटिमीटर. सहा इंची फिगर एकास बाराच्या. लहानपणी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी खेळलेले फनस्कूलचे जी. आय. जो पावणेचार इंची, म्हणजे साधारण एकास अठराचे. त्यांना कापडाचे कपडे घालायच्या फंदात पडू नका. त्या मापाला मलमलसुद्धा गोणपाट वाटते. नवशिक्याने बारा इंचीपासूनच सुरुवात करावी.

आता नऊवारीचा हिशेब. नऊ वार म्हणजे सुमारे ८२३ सेंटिमीटर. सहाने भागले की १३७. पन्हा साधारण १२० सेंटिमीटर धरला तर तो २० सेंटिमीटर होतो. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर, म्हणजे पन्हा त्यात बरोबर मावतो. लांबीला मात्र पाच पानं जोडावी लागतील.

पण हा कागदावरचा हिशेब जसाच्या तसा पाळू नका. लांबी सहापट कमी होते, कापडाची जाडी होत नाही. १३७ सेंटिमीटर मलमल निऱ्या घालून खोचली की फिगरची कंबर घागरीएवढी दिसते. मी आता चारच पानं छापतो. जोड धरून साडी १०८ सेंटिमीटरच्या आसपास भरते. निऱ्या दोन-तीन कमी पडतात, पण बघणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. फुगलेली कंबर मात्र लगेच डोळ्यात येते.

२. कापड: पांढरं, पातळ, सुती आणि धुतलेलं

या चारही अटी महत्त्वाच्या आहेत.

पांढरं, कारण घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. नक्षीत जिथे पांढरं आहे तिथे प्रिंटर काहीच छापत नाही, खालचं कापड दिसतं. पिवळ्या कापडावर निळं छापलं तर हिरवट येतं. मोतिया रंगाची मलमल दुकानात छान दिसते, पण छापल्यावर सगळे रंग चहा सांडल्यासारखे येतात.

सुती, कारण साधी इंकजेट शाई सुती धाग्यात मुरते आणि पॉलिएस्टरवर नुसती तरंगते. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला तरी दोन धागे काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो.

धुतलेलं, कारण नव्या कापडाला खळ असते आणि ती शाई आत जाऊ देत नाही. गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुवा. फॅब्रिक कंडिशनर घालू नका. सगळ्यात चांगलं कापड मला कुठे मिळालं? आजोबांच्या जुन्या धोतरात. वीस-पंचवीस वर्षं धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की फिगरच्या अंगावर आपोआप पडायचं. घरात असा धोतराचा किंवा मलमलच्या दुपट्ट्याचा तुकडा असेल तर आधी तो शोधा, मग मंगलदास मार्केट गाठा.

३. तुमच्या प्रिंटरची शाई कोणती?

शाई दोन प्रकारची असते, डाय आणि पिगमेंट. डाय पाण्यात विरघळलेली असते. कापडावर वाळली तरी पाणी लागलं की पुन्हा सुटते. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते धाग्याला चिकटून बसतात आणि पाण्याला फारशी दाद देत नाहीत. एप्सनच्या ड्युराब्राइट शाया पिगमेंटच्या आहेत. टाकीवाल्या काही प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत तीन डायच्या असतात, तेव्हा काळी बाह्यरेषा टिकते आणि आतला रंग वाहतो. बाटलीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात प्रकार लिहिलेला असतो.

खात्री करायची तर कापडाच्या चिंधीवर चारही रंगांचे चौकोन छापा, दिवसभर वाळवा, ओला पांढरा कपडा त्यावर दाबा. जो रंग कपड्यावर उतरला तो डाय.

डाय शाई असेल तर निराश व्हायचं कारण नाही. फिगरचे कपडे आपण धूत नाही. छापण्याआधी कापड तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवलं तर रंग कमी पसरतो. एक पेला कोमट पाण्याला चमचाभर तुरटीची पूड हे माझं प्रमाण. रेषा स्वच्छ येतात एवढाच त्याचा फायदा. त्याने कपडा धुण्याजोगा होत नाही.

४. बेतणी

नऊवारीला बेतायचं काही नाही, सरळ पट्टी आहे. चोळी, अंगरखा, सुरवार यांना मात्र अंगाचं माप लागतं आणि टेपने ते नीट घेता येत नाही. त्यापेक्षा फिगरला क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा, त्यावर मास्किंग टेपचे छोटे तुकडे चिकटवत जा आणि सगळं धड झाका. मग मार्करने शिवणी काढा: खांदा, बगल, मुंढा, पुढचा मध्य, मागचा मध्य. त्या रेषांवर कापून टेपचं कवच उतरवलं की ते सपाट करता येतं. तोच तुमचा कागदी बेत.

कवच कुठे सपाट होत नसेल तर तिथे चीर द्या. तिथेच टक लागणार आहे.

भोवती माया सोडा. बारा इंचीला ५ मिलिमीटर, सहा इंचीला ३. माझ्या पहिल्या अंगरख्याला मी माया सोडलीच नव्हती. आईने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "हा कुणाच्या अंगात घालणार आहेस, उंदराच्या?"

आधी मांजरपाटाच्या किंवा जुन्या चादरीच्या तुकड्याचा नमुना शिवून फिगरला घालून बघा. शाई महाग आहे, चादर फुकट.

५. नक्षी: फोटो लहान करू नका, नव्याने काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिला मोह असतो तो पैठणीच्या काठाचा छान फोटो घेऊन लहान करण्याचा. पडद्यावर तो सुंदर दिसतो, कापडावर चिखल होतो. साडेसात सेंटिमीटरचा काठ सहाने भागला की साडेबारा मिलिमीटर उरतो. त्यात मुनिया, म्हणजे पैठणीवरचा छोटा पोपट, बसवायची तर ती जेमतेम दोन मिलिमीटरची होते. तेवढ्या जागेत मलमलीचे पाच-सातच धागे असतात. पाच-सात धाग्यांवर चोच, डोळा, पंख आणि शेपूट कशी मावणार?

म्हणून मुनिया नव्याने काढायची, आणि तीही मोजक्या आकारात: हिरवा थेंब, लाल ठिपका, शेपटीची एक रेघ. हातभर अंतरावरून बघणाऱ्याला ती मुनियाच दिसते. नारळी काठ याहून सोपा, कारण तो मुळातच सारख्या अंतरावर येणारे त्रिकोणी सुळके आहे. खणाच्या चोळीचंही तेच: मधल्या अंगावर बारीक ठिपके, काठाला एक ठळक पट्टी, पुरे. बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातला मोर, पदरात घ्या, तिथे जागा मिळते. असावलीची वेल काढायची तर पानं निम्मी करा.

जरीचं काय? सोनेरी शाई नाही, आणि नुसता पिवळा छापला तर हळदीचा डाग दिसतो. गेरूकडे झुकणारा पिवळा पायाला घ्या, कडेला गडद तपकिरी रेघ द्या आणि मध्ये फिकट सायीच्या रंगाचे तुटक तुटक आडवे फराटे मारा. चकाकी म्हणजे मुळात उजेड आणि सावली शेजारी शेजारी असणं. छापून वाळल्यावर सोनेरी जेल पेनाने मोजक्या जागी ठिपके दिले तर आणखी खुलतं, पण हात आवरता घ्या. पैठणीचा धूपछाव रंग मात्र छपाईत येत नाही. तो उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या वेगळ्या रंगांमुळे दिसतो आणि इथे धागे सगळे पांढरे आहेत.

शिवणी, खिसे, काजं, बटणंही छापून टाका. सहा इंची फिगरच्या शर्टाला खरा खिसा शिवला तर तो उशी बांधल्यासारखा दिसतो. बारीक गडद रेघ आणि तिच्या खाली पुसटशी सावली दिली की खिसा झाला.

फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करा, म्हणजे ए-४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. कापडावर रंग पडद्यापेक्षा फिके येतात, म्हणून ते थोडे भडक ठेवा. किती भडक, हे प्रिंटरगणिक बदलतं. त्यासाठी एका पट्टीवर एकाच जांभळ्याच्या सहा छटा छापून त्यांना क्रमांक द्या आणि ती पट्टी जपून ठेवा. माझ्याकडे अशा पट्ट्यांची वही झाली आहे.

६. कापडाला कागदाची पाठ द्या

नुसतं कापड प्रिंटर ओढू शकत नाही. परदेशी मार्गदर्शकांत यासाठी फ्रीझर पेपर सांगतात. त्याच्या एका बाजूला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि कोरड्या इस्त्रीने तो कापडाला चिकटतो. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. त्याच्या जागी बटर पेपर घ्यायची चूक करू नका. बेकिंगच्या बटर पेपरला काहीही चिकटू नये म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. माझं कापड प्रिंटरच्या पोटात गेलं ते याच हुशारीने.

स्टेशनरीच्या दुकानातला अखंड स्टिकर पेपर उत्तम काम देतो. पद्धत अशी:

कापड इस्त्री करून अगदी सपाट करा. स्टिकरचा गोंद जास्त पकडतो, म्हणून तो आधी एकदा स्वतःच्या सुती शर्टावर हलकेच थापटून उचला. मग एका टोकापासून पट्टीने दाबत कापड चिकटवा. धागा कागदाच्या कडेशी सरळ असू द्या. तिरकं चिकटवलं तर काठ नेसवताना पिळतो. आता कागदाच्या कडेबरोबर कापड कापा. एकही धागा लोंबता राहू देऊ नका, कारण तो छपाईच्या डोक्यात अडकतो. शेवटी प्रिंटरमध्ये आधी जाणाऱ्या कडेवर साधी टेप अर्धी पुढे, अर्धी मागे दुमडून लावा. पृष्ठभागावरची लव दुसऱ्या टेपने टिपून घ्या.

७. छपाई

आधी साध्या कागदावर एक प्रत काढा. प्रिंटरच्या खिडकीत 'पानात बसवा' असा पर्याय बहुधा आपोआप निवडलेला असतो. तो बंद करून १०० टक्के ठेवा, नाहीतर बाही चार मिलिमीटरने आखूड येते आणि का आली ते कळत नाही. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटरची रेघ काढून ठेवतो. छापल्यावर ती पट्टीने मोजली की निकाल लागतो.

कागदाचा प्रकार 'मॅट' आणि दर्जा 'उच्च' निवडा, साध्या कागदाच्या सेटिंगवर शाई कमी पडते. थेट कापडावर छापताना चित्र उलटं करायचं नाही. उलटं करायचं ते ट्रान्सफर पेपर वापरताना. हा घोळ सगळे एकदा तरी करतात आणि मग गणवेशावरची अक्षरं आरशात वाचावी लागतात.

एका वेळी एकच पान घाला, तेही मागच्या मार्गाने. समोरच्या ट्रेमधून जाणारं पान आत गोल वळतं आणि त्या वळणावर कापड सुटतं. घरघर वेगळी ऐकू आली तर लगेच रद्द करा, पान ओढू नका.

८. वाळू द्या

हाताला कोरडं लागलं तरी चोवीस तास थांबा, पावसाळ्यात दोन दिवस. मग वर साधा पांढरा कागद ठेवून कोरडी इस्त्री फिरवा. वाफ चुकूनही नको, डाय शाई असेल तर एका फुसकारीत सगळं वाहतं. इस्त्री फिरवण्याआधी स्टिकरची पाठ कोपऱ्यातून सावकाश सोलून काढलेली असावी, नाहीतर गोंद गरम होऊन कापडात उतरतो.

९. कापणं आणि शिवणं

कापण्याच्या आधी रेषेवर पाणी मिसळलेला फेव्हिकॉल ब्रशने अगदी पातळ लावा, तोही उलट्या बाजूने, आणि वाळू द्या. मलमल इतकी सुटी असते की पाच मिलिमीटरची माया शिवता शिवता धागे निघून संपते. डाय शाई असेल तर पाणी अगदी थोडं घाला आणि आधी चिंधीवर बघा.

मशीनवर शिवायचं तर नऊ किंवा अकरा नंबरची सुई आणि टाका दीड मिलिमीटरचा. खरं सांगायचं तर या मापाला हातशिलाईच बरी, धावदोरा घालून वर बखिया. बाही मुंढ्याला आधी जोडा आणि बगलेची शिवण शेवटी घाला. तयार नळीत बाही बसवायला आपली बोटं जात नाहीत.

बंदासाठी वेलक्रो लावू नका. तो पाठीवर कुबड काढतो आणि मलमलीचे धागे ओढतो. सगळ्यात लहान टिचबटणं किंवा हुक तुळशीबागेत लेस-बटणांच्या दुकानात मिळतात.

साडीची चार पानं जोडताना जोड निरीच्या आतल्या घडीत येतील असं बघा. म्हणजे जोडायच्या आधी साडी टाचण्यांनी एकदा नेसवून बघायची, जोड कुठे येतो त्यावर खूण करायची आणि एखादं पान गरजेप्रमाणे दोन सेंटिमीटर आखूड करायचं. पदराचं पान मात्र अखंड ठेवा.

१०. नेसवणं

लहान कापडाला स्वतःचं वजन नसतं. खऱ्या साडीचा पदर खाली पडतो, हा हवेत उभा राहतो. निऱ्या एकेक करून कोरड्या इस्त्रीने दाबा, वरून दोन टाके घाला. काष्टा मागे खोचल्यावर आतून एक टाका कमरेला द्या, कारण फिगरच्या हालचालीत तो सुटतोच. पदराच्या किंवा शेल्याच्या काठाला तुरपताना आत केसासारखी बारीक तांब्याची तार घातली तर हवी तशी लाट देता येते आणि ती तशीच राहते. आजूबाजूला बघा, स्टूलवर बसून भाजी निवडणारी एखादी आजी असेल तर पदर कुठे चिमटतो ते तिच्याकडून शिका. पुस्तकातल्या चित्रांत ते दिसत नाही.

अंगाला चिकटणाऱ्या सूटचं काय?

सुपरहिरोचा ताणणारा सूट या पद्धतीने होत नाही. मलमल ताणत नाही आणि लायक्रावर साधी शाई बसत नाही. तिथे सब्लिमेशन लागतं: खास शाईने कागदावर उलटं छापायचं आणि साधारण १९० ते २०० अंश उष्णतेत दाबून रंग पॉलिएस्टरमध्ये उतरवायचा. त्यासाठी घरचा प्रिंटर बदलू नका. मगांवर आणि टी-शर्टांवर फोटो छापून देणारं दुकान जवळपास असतंच. बेत आणि नक्षी एका ए-४ पानावर मांडा, पांढऱ्या पॉलिएस्टर-लायक्राचा तुकडा सोबत घ्या आणि त्यांच्या यंत्रावर दाबून आणा. घरच्या इस्त्रीने करायला गेलात तर वाफेच्या भोकांचे ठिपके छातीवर उमटतात.

आणि असे सूट स्वतःच्या कपाटापुरते ठेवा. छातीवरचं चिन्ह कंपनीच्या मालकीचं असतं. विक्रीला काढलंत तर तो वेगळा मामला होतो.

११. डागांपासून फिगर वाचवा

कपडा बिघडला तर पुन्हा छापता येतो. फिगरच्या अंगाला रंग लागला तर तो सहसा निघत नाही, कारण मऊ पीव्हीसी आणि सिलिकोन रंग आत ओढून घेतात. लाल, जांभळा, गडद निळा आणि काळा हे त्यात सगळ्यात वाईट. माझ्या फिगरच्या मांड्या जांभळ्या झाल्या त्या जुलै-ऑगस्टमध्ये, काचेच्या कपाटात, एकही हात न लागता. दमट हवेने शाई सुटली आणि कामाला लागली.

आता मी कुठलाही छापील कपडा घालण्याआधी आत त्वचेच्या रंगाच्या जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा पातळ आतला कपडा चढवतो. चोळी, अंगरखा यांना पांढऱ्या मलमलीचं अस्तर देतो. फिगर महागाची असेल तर अस्तराच्या आत क्लिंग फिल्मचा एक वेढाही देतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, थेट ऊन येणार नाही असं बघतो, आणि पावसाळ्याचे चार महिने गडद कपडे उतरवून कागदात गुंडाळून ठेवतो. मागच्या श्रावणात माझ्या तिघी नऊवारीवाल्या स्टॉकिंगवर उभ्या होत्या. आई कपाट पुसताना म्हणाली, "यांना निदान टॉवेल तरी गुंडाळ."